गंज नव्हे, खपली

धातुशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की तिसरं दार नमुन्यांच्या खोलीचं. त्या खोलीत एकतीस वर्षं काम केलेल्या बाईंना सगळे आरसेताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथेच सुखाने नांदत होतं. वहीचीही एक गंमत होती. विभागात अंगठा टेकवून हजेरी लावायचं यंत्र आलं, तेव्हा त्याने सगळ्यांना ओळखलं, फक्त ताईंना ओळखेना. वर्षानुवर्षं धातू घासून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. यंत्र दर वेळी लाल दिवा लावून "पुन्हा प्रयत्न करा" म्हणे. शेवटी कारकुनाने कपाळाला हात लावला आणि एकट्या ताईंसाठी जुनी वही कपाटातून बाहेर काढली.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. कुठे मोडलेला आस, कुठे फुटलेला नळ, कुठे तुटलेली स्प्रिंग, असं काहीबाही विभागात तपासायला येई. ताई त्यातला नखाएवढा तुकडा कापत, आधी भरड कागदावर घासत, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक कागदाला तुकडा आडवा फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. शेवटी मखमलीच्या फिरत्या चकतीवर तो असा चकचकीत व्हायचा, की त्यात बघून भांग पाडावा. मग आम्लाचा एक हलका हात. आम्ल धातूला जरासं खातं, पण सगळीकडे सारखं खात नाही, आणि त्यामुळे आतली ठेवण उघडी पडते. ताई विद्यार्थ्यांना म्हणायच्या, "धातू खोटं बोलत नाही रे, पण तोंड धुतल्याशिवाय बोलतही नाही."

तयार नमुना वरच्या मजल्यावर पाठवण्याआधी त्या स्वतः एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघत. नुसतं बघत. मत म्हणून कुणाला कधी सांगत नसत.

त्यालाही कारण होतं. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका स्प्रिंगचा नमुना बघून त्या तेव्हाच्या विभागप्रमुखांना म्हणाल्या होत्या, "साहेब, ही भेग तुटतानाची वाटत नाही. आधीची आहे." समोर वीस-पंचवीस विद्यार्थी उभे होते. साहेब हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही घासा. बघायला आम्ही आहोत." पोरंही हसली. भेग आधीची होती की नव्हती, हे पुढे कुणी तपासलंच नाही. ताईंनी मात्र त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

पंचवीस वर्षांनी एका कुलूपवाल्याने ते लोखंड आणलं.

त्याचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. दुकानाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या आजोबांच्या काळापासून उंबऱ्याशी एक ओबडधोबड, काळपट गोळा पडलेला असे. आकाराने दोन मुठींएवढा नव्हे, चांगला दोन डोक्यांएवढा. उचलायला जावं तर कंबर धरावी. कुलूपवाल्याला त्याचा एक तुकडा हवा होता, म्हणून करवत लावली, तर एकामागून एक तीन पाती मोडली. माणूस धंद्यातला, लोखंड ओळखणारा. त्याला वाटलं, हे काही साधं प्रकरण नाही. त्याने गोळा हातगाडीवर घातला आणि विभागात आणून टाकला.

विभागात उल्कांचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. वयाने ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. त्यांनी गोळ्याचा कोपरा तपासला. भरपूर निकेल निघालं, साध्या लोखंडात कधी नसतं तेवढं. त्या जिन्यावरून धावतच खाली आल्या.

"ताई, हे आकाशातलं आहे!"

"आकाशातलं म्हणजे?"

"लोखंडी उल्का. एखाद्या मोडलेल्या छोट्या ग्रहाच्या गाभ्यातली. मला याची तळहाताएवढी चकती हवी. पण कापताना तापता कामा नये. अजिबात."

ताईंनी गोळ्यावरून हात फिरवला. "मग घाई करायची नाही," त्या म्हणाल्या. "घाई करणार असाल तर दुसरं माणूस बघा."

प्राध्यापिका हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

कापायलाच तीन दिवस गेले. करवतीवर थंड पाण्याची धार, आणि दर तासाला थांबून हाताने चाचपणी. मग घासणं. एवढी मोठी चकती हाताने सपाट राखणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. पाचव्या दिवशी चकती आरशासारखी झाली. ताईंनी ती अल्कोहोलने धुतली, गरम हवेने वाळवली, आणि कापसाचा बोळा पातळ आम्लात बुडवून तिच्यावरून फिरवला. आधी काहीच दिसलं नाही. मग, धुक्यातून रस्ता दिसू लागावा तसा, एक पट्टा दिसला. त्याला छेदणारा दुसरा. मग तिसऱ्या दिशेचे. बघता बघता सगळ्या चकतीभर रुपेरी पट्ट्यांची जाळी उमटली, जशी कुणी पट्टी लावून आखली असावी.

ताईंनी हजारो नमुने पाहिले होते, पण असलं लोखंड पाहिलं नव्हतं. भट्टीतल्या पोलादाची ठेवण बारीक, दाट, भिंगाशिवाय दिसायची नाही. इथे नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

"हे असं कशाने होतं?" त्यांनी विचारलं.

"निवण्याने," प्राध्यापिका म्हणाल्या. "इतकं सावकाश, की दहा लाख वर्षांत जेमतेम दहा-वीस अंश. जगातल्या कुठल्याही भट्टीत हे करता येणार नाही. तेवढा वेळ कुणाकडे आहे?"

"आणि मला वाटलं, पाच दिवस म्हणजे फारच सावकाश झालं," ताई म्हणाल्या.

पण चकती सगळी सारखी नव्हती. एका बाजूला, कडेपासून चार बोटं आतपर्यंत, पट्टे विस्कटले होते. जवळून बघितलं तर प्रत्येक पट्टा फुटून रवाळ झालेला. प्राध्यापिका ती बाजू सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन दोन दिवस बसल्या आणि तिसऱ्या दिवशी आनंदाने लाल होऊन आल्या. हा भाग नंतर पुन्हा तापला होता, हे नक्की. पृथ्वीवर पडताना कवच तापतं खरं, पण तो काही क्षणांचा खेळ, त्याची खूण दोन-तीन मिलिमीटरच्या आत संपते. चार बोटं म्हणजे भलतंच. त्यांचं म्हणणं असं झालं, की आकाशात असतानाच हे दुसऱ्या एखाद्या मोठ्या खडकावर आदळलं असणार आणि एक बाजू तापून निघाली असणार. तसा पुरावा फारसा कुणाला मिळालेला नव्हता. दीड महिन्यावर एक मोठी परिषद होती. त्यांनी त्याच संध्याकाळी निबंधाचा गोषवारा पाठवून दिला.

ताईंनी त्या दिवशी खोली बंद करण्याआधी सवयीप्रमाणे ती बाजू एकदा बघितली, आणि खुर्चीतच बसून राहिल्या.

रवाळ भागात बारीक भेगा होत्या. भेगांमध्ये करडं काहीतरी भरलेलं होतं. प्राध्यापिकांनी त्याला गंज म्हटलं होतं. लोखंड शतकानुशतकं मातीत पडलेलं, गंज असणारच. पण गंज ताईंनी जन्मभर पाहिला होता. तो तपकिरी झाक मारतो, थराथरांचा असतो, भुसभुशीत असतो, घासताना निघून येतो. हे करडं, दाट, गुळगुळीत, धातूला घट्ट चिकटून भेगेत शेवटपर्यंत उतरलेलं. ही तर खपली. लोखंड लालबुंद तापलं आणि बराच वेळ हवेत राहिलं, की त्यावर धरते ती. बॉयलरच्या जळक्या नळ्यांमध्ये त्यांनी ती शेकडो वेळा पाहिली होती.

आणि आकाशात हवा कुठली?

ताईंचा नवरा घड्याळजी होता. घरातच पुढच्या खोलीत टेबल मांडून तो घड्याळं दुरुस्त करी. जेवताना ताई दोनदा पाणी वाढायचं विसरल्या, तेव्हा तो म्हणाला, "अगं, कुठला काटा अडकलाय?"

त्यांनी सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "चुकले असेन मी. ती बाई शिकलेली आहे. मी आपली घासणारी."

"चुकली आहेस असं वाटतं का तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

"अहो, झालं कसं? तिने सगळीकडे कळवलंय. किती आनंदात आहे. मी जाऊन तिच्या आनंदात मिठाचा खडा टाकू?"

घड्याळजीने घास संपवला. "उद्या भर सभेत दुसऱ्या कुणी टाकला तर? सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे सोनार तू आहेस." मग जरा थांबून म्हणाला, "आणि ती काही तो जुना साहेब नाही."

तरी ताईंचे चार दिवस गेले. रोज ठरवायचं, आणि प्राध्यापिका भरभर बोलू लागल्या की परत घासायच्या कागदाकडे वळायचं. पाचव्या दिवशी त्यांनी बोलायचं मनातून काढूनच टाकलं. जुन्या नमुन्यांचे खण उघडले, नऊ वर्षांपूर्वीची एका जळलेल्या नळीची चकती शोधली, ती पुन्हा घासून ताजी केली, आणि दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी मांडले. एकाखाली नळी. दुसऱ्याखाली उल्केची रवाळ बाजू.

"मॅडम, जरा दोन्ही बघता का?"

प्राध्यापिकांनी एकात बघितलं. दुसऱ्यात बघितलं. परत पहिल्यात.

"हे काय आहे?"

"ही बॉयलरची नळी. हजार अंशांच्या आसपास तापली होती. भेगेतलं करडं दिसतंय ना, ती खपली आहे. आणि इकडे," ताईंनी दुसऱ्या भिंगाकडे बोट केलं, "इकडेही मला तीच वाटते. गंज नाही वाटत. आणि मॅडम, हवेशिवाय खपली धरत नाही."

प्राध्यापिकांनी परत वाकून दोन्ही भिंगांतून बघितलं. मग सरळ झाल्या, "बघते" एवढंच म्हणाल्या, आणि दार न लावता निघून गेल्या.

ताईंनी उरलेला दिवस कसाबसा काढला. कुठून बुद्धी झाली आणि नसतं बोलून बसले, असं त्यांना शंभर वेळा वाटलं. घरी घड्याळजीने तोंड बघूनच स्वतः ताटं वाढायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा खोलीचं दार आधीच उघडं होतं. प्राध्यापिका आत बसलेल्या, समोर कागदांचा ढीग, केस तसेच गुंडाळलेले.

"तुम्ही हे कधी ओळखलंत?" त्यांनी विचारलं.

"पाच-सहा दिवस झाले."

"आणि गप्प बसलात?"

ताई पिशवी खुंटीला अडकवू लागल्या.

"ताई, पुढच्या वेळी एक दिवसही थांबायचं नाही. मी परिषदेत उभी राहून हवेशिवाय खपली धरून दाखवली असती. लोकांनी वर्षभर हसून पोट दुखवून घेतलं असतं." मग त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. "खात्री करून घेऊया. कापताना उरलेला चांगला तुकडा आहे ना? तो भट्टीत घालू. हजार अंश, पूर्ण दिवस, हवा खेळती ठेवून. तसंच झालं तर प्रश्नच मिटला."

तसंच झालं. निवल्यावर ताईंनी तुकडा घासला, आम्लाचा हात दिला. सुरेख रुपेरी पट्टे फुटून रवाळ झाले होते, आणि कडेच्या भेगांत करडी खपली उतरली होती. शेजारी ठेवलं तर जुनं कुठलं आणि कालचं कुठलं, सांगता येऊ नये. म्हणजे हा गोळा पृथ्वीवर आल्यानंतर कुणीतरी भट्टीत घातला होता.

"कुणी?" प्राध्यापिका म्हणाल्या.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ताई म्हणाल्या. "ज्यांच्या दारात होता त्यांनाच विचारू की."

कुलूपवाल्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने किल्ली घासता घासता आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "आत्याला विचारा. माझ्या आधीचं सगळं तिच्याकडे."

आत्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. खिडकीशी बसून जुन्या किल्ल्या तारेत ओवत होत्या. भट्टीचा शब्द काढताच त्यांचे हात थांबले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लोखंडानेच सांगितलं," ताई म्हणाल्या.

आत्यांनी दोघींना नीट निरखून घेतलं, मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची होते. वडिलांना त्या गोळ्याची ऐरण करायची होती. भाता दादा ओढायचा. त्या दिवशी तो तापाने फणफणला. मी वडिलांच्या मागे लागले, की मी ओढते. ते म्हणायचे, हे पोरींचं काम नाही. पण भट्टी पेटलेली, कोळसा वाया जायचा, म्हणून हो म्हणाले. सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत ओढला. हाताला फोड आले तरी सोडला नाही."

"मग?"

"मग काय! गोळा लाल झाला, वडिलांनी घण घातला, आणि कडेचे तुकडेच उडायला लागले. ऐरण व्हायची राहिली, गोळा फुटतच गेला. वडील चिडले. म्हणाले, कार्टीने मध्येच भाता थांबवला असणार, आत ऊब पोचलीच नाही, म्हणून लोखंड बिघडलं." त्या किल्ल्यांकडे बघत राहिल्या. "त्यानंतर मला कधी भात्याला हात लावू दिला नाही. घरात काही बिघडलं की दादा चिडवायचा, हिने भाता ओढला वाटतं. गंमतच होती ती. पण मी थांबवला नव्हता."

प्राध्यापिका काही बोलणार होत्या. ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आत्याबाई, उद्या आमच्याकडे याल का? तुम्हाला एक दाखवायचंय."

कुलूपवाल्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आत्यांना घेऊन आला. ताईंनी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे आत्यांचा डोळा बरोबर भिंगाशी येईल. चकती भिंगाखाली ठेवली आणि चक्री फिरवून चित्र स्पष्ट केलं.

"काय दिसतंय?"

"पट्टे पट्टे. चांदीसारखे."

"हे आकाशातलं. आता मी हळूहळू सरकवते. बघत राहा."

चकती सरकत गेली. आत्या एकदम म्हणाल्या, "अगं, विस्कटलं की! कणीदार झालं."

"तिथून तुमची भट्टी सुरू होते," ताई म्हणाल्या. "कडेपासून चार बोटं आत. असं व्हायला दिवसभर सलग धग लागते, ते आम्ही इथल्या भट्टीत करून बघितलंय. भाता मध्ये थांबला असता तर हे कडेलाच संपलं असतं. ऊब अगदी नीट पोचली होती, आत्याबाई."

आत्या भिंगावरून डोळा काढेनात.

"मग फुटला का?"

"दोष लोखंडातच होता. तो पिवळसर ठिपका दिसतोय? त्यात गंधक आहे. बाकी लोखंड लाल होतं तेव्हाच हा वितळतो. असे कितीतरी आहेत. वरून घण बसला की तिथूनच चिरफळ्या. तुमच्या वडिलांना कळायचा मार्गच नव्हता. कुणीही भाता ओढला असता तरी ते फुटलंच असतं."

आत्यांनी डोळा काढला. चष्मा पुसला, घातला, परत काढून पुसला. भाचा मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याला त्या म्हणाल्या, "ऐकलंस का रे?"

"ऐकलं आत्या."

"मी थांबले नव्हते."

"नाही थांबलात," ताई म्हणाल्या.

"दादा असायला हवा होता," आत्या म्हणाल्या, आणि मग एकदम हसू लागल्या, इतक्या की कुलूपवाला घाबरून पुढे आला. "मेल्याने सत्तर वर्षं चिडवलं मला! आता वर जाऊन सांगते त्याला."

प्राध्यापिकांनी जुना गोषवारा मागे घेतला आणि नवा लिहिला. आकाशातली टक्कर गेली. तिच्या जागी, माणसाच्या भट्टीत गेलेली उल्का खपलीवरून कशी ओळखावी, एवढा साधा विषय आला. निबंधाला दोन लेखिका होत्या. परिषदेत फारशा टाळ्या पडल्या नाहीत, पण दोन दूरच्या संग्रहालयांनी आपापल्या कपाटातल्या उल्का बाहेर काढल्या आणि "आमच्याही भेगांत करडं आहे" म्हणून पत्रं पाठवली. ताईंनी ती पत्रं घरी नेऊन घड्याळजीला वाचून दाखवली. ताईंचं नाव असलेलं वाक्य त्याने दोनदा वाचायला लावलं.

पुढे वर्षभराने ताई निवृत्त झाल्या, तरी मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिल्या. नव्या विद्यार्थ्यांना घासायला शिकवायचं, आणि घासून झालं की स्वतःहून विचारायचं, "काय दिसतंय? नाही, तू सांग. पुस्तकात काय आहे ते नको."

त्याच सुमारास आणखी एक प्रकार सुरू झाला. कुलूपवाल्याच्या गोळ्याची बातमी गावभर झाली होती, आणि लोक आपापल्या घरातलं जड आणि काळं जे असेल ते घेऊन येऊ लागले. भट्टीची मळी, जुन्या रुळाचे तुकडे, विहिरीत सापडलेलं कसलंसं वजन, एकदा तर तोफेचा गोळा. दोन वर्षांत चाळीसच्या वर आले. आकाशातला एकही नव्हता. प्राध्यापिका म्हणत, "ताई, नुसतं बघून कळतंय, कशाला कष्ट घेता?" ताई ऐकत नसत. प्रत्येकाचा नखाएवढा कोपरा त्या घासत, आम्लाचा हात देत, आणि आणणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून दाखवत.

एका शुक्रवारी एक बाई पिशवीत गुंडाळून लोखंडाचा गोटा घेऊन आल्या. मुलाला रस्त्याच्या कडेला सापडला होता, म्हणाल्या. ताईंनी तासभर काम केलं, मग भिंगातून बघितलं. कण बारीक, दाट, सारखे.

"आकाशातला नाही हो," त्या म्हणाल्या. "सिमेंटच्या गिरणीत दळायला घालतात, त्यातला गोळा आहे."

बाईंचा चेहरा उतरला.

"पण पोलाद फार चांगलं आहे," ताई म्हणाल्या आणि खुर्ची सरकवून दिली. "या, बसा. ज्या कुणी ओतलंय ना, मन लावून ओतलंय. बघा तर."